सोलापुरात राहून सर्व्हरवरची जावा शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीसीए, बीएस्सी, डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग करणाऱ्या, आणि शिक्षण संपवून घरीच तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी हे पान आहे. फॉर लूप लिहिता येतो, एखादा क्लास बनवता येतो, आता वेबसाइटच्या मागचा भाग शिकायचाय, असं धरून उत्तरं दिली आहेत. उदाहरण सगळीकडे एकच घेतलंय: मार्केट यार्डातली कांद्याची पट्टी. ज्यांच्या घरी शेती नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेतकरी कांदा अडत्याकडे उतरवतो, लिलावात दर ठरतो, वजन आणि दराच्या गुणाकारातून हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा होतं आणि उरलेल्या रकमेचा जो कागद हातात पडतो ती पट्टी.

पुण्याला गेल्याशिवाय हे शिकता येतं का?

येतं. जावा, टॉमकॅट हा वेब सर्व्हर, स्प्रिंग हे फ्रेमवर्क, मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस हे डेटाबेस, हे सगळं फुकट उतरवता येतं आणि सगळ्यांची अधिकृत कागदपत्रं नेटवर आहेत. पुण्याचा फायदा वेगळा आहे. तिथं सोबत शिकणारे भेटतात, कुणाचा तरी मित्र कंपनीत असतो, इंटरव्ह्यूची बातमी लवकर कळते. त्यासाठी सुरुवातीलाच कॉट बेसिसवर खोली घेऊन महिन्याचा खर्च अंगावर घ्यायची घाई करू नका. इंटरव्ह्यू लागला तर हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी निघून रात्री घरी परत येता येतं. दोघं-तिघं मिळून शिकणारा गट मात्र इथंच जमवा. एकट्यानं शिकणारा बहुतेक वेळा पहिल्या ४०४ (पान सापडलं नाही) एररपाशी थांबतो.

सर्व्हरवर नेमकं चालतं काय?

ब्राउझर रिक्वेस्ट पाठवतो: अमुक पान द्या, किंवा हा भरलेला फॉर्म घ्या. सर्व्हरवरचा तुमचा प्रोग्राम ती वाचतो, लागल्यास डेटाबेसला विचारतो आणि रिस्पॉन्स परत करतो. झालं. त्यानंतर सर्व्हर तुम्हाला विसरतो. एचटीटीपी मुळातच तसं आहे. दुसरी रिक्वेस्ट आली की तो पुन्हा 'आपण कोण?' इथून सुरू करतो.

पुढे जे जे अवघड वाटतं, म्हणजे लॉगिन, सेशन, कुकी, कनेक्शन पूल, त्याचं मूळ इथं आहे. कॉलेजात शिकलेला प्रोग्राम मेन मेथडपासून सुरू होतो आणि संपतो. त्यातले सगळे ऑब्जेक्ट तुमच्या एकट्याचे असतात. सर्व्हरवरचा प्रोग्राम महिनोन्‌महिने चालू राहतो आणि त्यात एकाच वेळी शंभर जण शिरलेले असतात. म्हणून प्रत्येक ऑब्जेक्टबद्दल दोन गोष्टी विचारायची सवय लावा: हा कुणाचा, आणि किती वेळ जगणार? एका रिक्वेस्टपुरता, एका माणसाच्या सेशनपुरता (त्यानं लॉगिन केल्यापासून बाहेर पडेपर्यंत), सर्व्हर चालू असेपर्यंत, की वीज गेल्यावरही राहायला हवा? शेवटचं उत्तर आलं तर ती गोष्ट डेटाबेसमध्ये गेली पाहिजे.

जावाच का? पायथन किंवा नोड सोपं नाही का?

सुरुवात सोपी आहे, हे खरं. जावाचा आग्रह दोन कारणांनी धरतो. बँका, विमा कंपन्या आणि त्यांची कामं घेणाऱ्या मोठ्या आयटी कंपन्यांकडे जावाचा प्रचंड कोड वर्षानुवर्षं चालू आहे आणि तो सांभाळायला माणसं लागतात. दुसरं, जावा प्रत्येक गोष्टीचा टाइप आधी विचारते. शिकताना याचा राग येतो, पण अर्ध्या चुका प्रोग्राम चालण्याआधीच कंपायलर पकडतो. ज्याला ही भाषा नीट येते त्याला सी-शार्प उचलायला वेळ लागत नाही. पीएचपीतून महिन्याचे चार पैसे आधीच मिळत असतील तर मात्र ते सोडू नका.

एन्कॅप्सुलेशन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम, सगळ्याच्या व्याख्या पाठ आहेत. वापरायचं कुठं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि दोष मुलांचा नाही. वर्गात प्राणी, कुत्रा, मांजर यांची उदाहरणं दिली जातात. सर्व्हरवर कुत्रा भुंकत नाही.

पट्टी घ्या. पट्टीचा क्लास केलात तर निव्वळ रक्कम बाहेरून भरायची सोय ठेवू नका. वजन, दर आणि कपाती आत द्या. निव्वळ रक्कम पट्टीनंच काढून सांगावी. बाहेरून कुणालाही ती बदलता येत असेल तर एक दिवस वजन एक आणि रक्कम भलतीच अशी पट्टी छापली जाणार. एन्कॅप्सुलेशन ते हेच. प्रत्येक फील्डला डोळे झाकून गेटर-सेटर लावल्यानं ते होत नाही, उलट मोडतं.

आता कपाती. हमाली पिशवीमागे, तोलाई वजनावर, गाडीभाडं एकरकमी, असं धरू. प्रत्येकाचा हिशेब निराळा. पट्टीच्या क्लासमध्ये इफ-एल्सची माळ लावली तर नवी कपात आली की पट्टीच उघडून बसावं लागेल. त्याऐवजी 'कपात' नावाचा इंटरफेस करा, त्यात एकच मेथड: या मालावर तुझी रक्कम किती? हमाली आपलं उत्तर देईल, तोलाई आपलं. पट्टी फक्त बेरीज करील. पॉलिमॉर्फिझमचा इतका उपयोग कळला तरी इंटरव्ह्यूतलं निम्मं काम झालं.

इनहेरिटन्सबद्दल मात्र हात आखडता ठेवा. बहुतेक जण 'व्यक्ती' असा वरचा क्लास करतात आणि खाली 'शेतकरी' आणि 'व्यापारी'. कागदावर छान दिसतं. मग यार्डात असा माणूस भेटतो जो स्वतःचा कांदा विकतो आणि दुसऱ्याचा विकतही घेतो. तो कुठल्या क्लासचा? एकाच माणसाचे दोन ऑब्जेक्ट झाले की दोन मोबाइल नंबर, दोन पत्ते, दोन थकबाक्या. शेतकरी किंवा व्यापारी असणं ही त्या व्यवहारातली भूमिका आहे, तेव्हा ती व्यवहारापाशी ठेवा.

जावाची कुठली आवृत्ती टाकू?

२१ टाका. दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या आवृत्त्या ८, ११, १७, २१ आणि २५ अशा आहेत. २१ ही सप्टेंबर २०२३ मध्ये आली आणि शिकायला लागणारं सगळं तिच्यात आहे. ओरॅकलच्या परवान्याची कटकट नको असेल तर टेमुरिन ही जावाची खुली प्रत उतरवा. कॉलेजच्या लॅबमध्ये ८ असेल तर तिथं तिच्यावर प्रॅक्टिकल करा, घरी २१ वर शिका.

सगळे व्हिडिओ थेट स्प्रिंग बूटपासून सुरू होतात. सर्व्हलेट आणि जेएसपी शिकायची गरज उरली आहे का?

जेएसपीची, म्हणजे एचटीएमएल पानातच जावा लिहायच्या जुन्या पद्धतीची, नाही. एखादं जुनं पान वाचता आलं की पुरे. सर्व्हलेटची आहे. सर्व्हलेट म्हणजे रिक्वेस्ट घेऊन रिस्पॉन्स देणारा जावाचा क्लास.

सर्व्हलेट १९९७ पासून आहेत. स्प्रिंगची पहिली आवृत्ती २००४ ला आली, स्प्रिंग बूट २०१४ ला. पण नेहमीच्या पद्धतीनं केलेल्या स्प्रिंग बूटच्या वेब प्रोजेक्टच्या पोटात आजही टॉमकॅट असतो आणि येणारी प्रत्येक रिक्वेस्ट डिस्पॅचर सर्व्हलेट नावाच्या एका सर्व्हलेटमधूनच आत जाते. हे ठाऊक नसलं की स्प्रिंग म्हणजे जादू वाटते. जादू चालते तोवर ठीक; बिघडली की कुठं बघायचं तेच कळत नाही. मुलं मग एखादं ॲनोटेशन (क्लासवर किंवा मेथडवर @ लावून दिलेली खूण) इकडून काढून तिकडे लावत बसतात.

म्हणून पहिले दोन-तीन आठवडे स्प्रिंगला हात लावू नका. साधा टॉमकॅट, दोन सर्व्हलेट, एक फॉर्म. गेट (पान मागणं) आणि पोस्ट (भरलेला फॉर्म पाठवणं) यांतला फरक हातानं करून बघा. ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबून नेटवर्कच्या टॅबमध्ये रिक्वेस्टचे हेडर वाचा. पट्टीचा फॉर्म पोस्टनं पाठवा, आणि उत्तराचं पान आल्यावर रिफ्रेश करा. ब्राउझर विचारील, फॉर्म पुन्हा पाठवू? हो म्हटलंत की तीच पट्टी दुसऱ्यांदा नोंदली जाईल. उपाय असा: पोस्ट झाल्यावर थेट पान देऊ नका, रिडायरेक्ट करा, म्हणजे रिफ्रेशला फक्त गेट पुन्हा जाईल. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की स्प्रिंगमधलं रिडायरेक्ट का लिहितात ते कुणी सांगावं लागत नाही.

त्यानंतर स्प्रिंग बूट घ्या. डिपेंडन्सी इंजेक्शनचं, म्हणजे लागणारे ऑब्जेक्ट स्प्रिंगनंच बनवून देण्याचं, कौतुक तेव्हाच वाटेल, कारण तोवर स्वतः न्यू-न्यू करून हात दुखलेले असतील.

व्हिडिओत दाखवलं तसंच सगळं केलं, तरी ४०४ येतो.

व्हिडिओची तारीख बघा. जावा ईई हा संच ओरॅकलनं एक्लिप्स फाउंडेशनला दिला, नाव जकार्ता ईई झालं आणि २०२० मध्ये आलेल्या जकार्ता ईई ९ पासून पॅकेजचं नाव 'जावाएक्स'वरून 'जकार्ता' असं बदललं. टॉमकॅट ९ जुनं नाव ओळखतो, १० पासून पुढचे फक्त नवं. तुम्ही जुन्या व्हिडिओतलं जावाएक्सचं इम्पोर्ट लिहिलंत आणि नवा टॉमकॅट टाकलात, तर कोड कंपाइल होतो, टॉमकॅट सुरूही होतो, पण तुमच्या ॲनोटेशनकडे तो ढुंकूनही बघत नाही. म्हणून ४०४. स्प्रिंग बूट ३ लाही हाच नियम आहे, आणि त्याला जावा किमान १७ लागते.

इम्पोर्ट बरोबर असेल तर पत्त्यात प्रोजेक्टचं नाव राहिलंय का बघा. आणि ४०५ येत असेल तर ती वेगळी गोष्ट: पत्ता बरोबर आहे, पण तुम्ही गेट पाठवताय आणि लिहिलंय फक्त पोस्ट.

दोन मोबाइलवरून एकदम वापरलं की एका शेतकऱ्याची रक्कम दुसऱ्याच्या पट्टीवर येते. असं कसं?

सर्व्हलेटच्या क्लासमध्ये वरती 'एकूण' किंवा 'शेतकऱ्याचं नाव' असं फील्ड ठेवलं असणार. सर्व्हर सर्व्हलेटचा एकच ऑब्जेक्ट बनवतो आणि येणाऱ्या सगळ्या रिक्वेस्ट वेगवेगळ्या थ्रेडवरून (एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांवरून) त्याच ऑब्जेक्टवर सोडतो. आपण वेगळं काही न सांगितल्यास टॉमकॅटमध्ये असे २०० थ्रेड असू शकतात. मग ते फील्ड चौकातल्या फळ्यासारखं होतं, जो येईल तो आधीचं पुसून आपलं लिहिणार. स्प्रिंगचे कंट्रोलर आणि सर्व्हिसही मुळात असेच एकेकटे असतात.

रिक्वेस्टपुरती गोष्ट मेथडच्या आत, लोकल व्हेरिएबलमध्ये ठेवा. माणसापुरती असेल तर सेशनमध्ये. क्लासच्या फील्डमध्ये फक्त सगळ्यांना सामायिक आणि न बदलणारं, जसं डेटाबेसशी बोलणारी रिपॉझिटरी. ही चूक एकट्यानं तपासताना कधीच दिसत नाही. परीक्षकासमोरही दिसत नाही. खऱ्या दुकानात दुसऱ्या दिवशी दिसते. गटानं शिका असं वर म्हटलं त्याचं हे आणखी एक कारण.

पैशांसाठी डबल वापरला तर काय बिघडतं?

०.१ आणि ०.२ डबलमध्ये मिळवून छापून बघा. ०.३ येत नाही, ०.३०००००००००००००००४ येतं. कारण डबल आकडे दोनच्या घातांच्या बेरजेत साठवतो आणि ०.१ त्यात नेमका बसत नाही.

एवढ्याशा फरकानं काय होतंय, असं म्हणू नका. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूरच्या यार्डात ५१२ किलो कांदा आणला. दर मिळाला किलोला १ रुपया. सगळं वजा जाता उरले २ रुपये ४९ पैसे, आणि हातात चेक आला २ रुपयांचा. देशभर बातमी झाली. त्या पट्टीतलं दुःख कुठल्याही डेटा टाइपनं कमी होणार नाही, पण प्रोग्राम लिहिणाऱ्यानं तिच्याकडे नीट बघावं. वरचे ४९ पैसे कुठं गेले, ते कुणी ठरवलं, आणि ते नोंदीत राहिले का? पूर्णांकात आणणं हा व्यवहाराचा निर्णय आहे. तो कोडात एका जागी, उघडपणे लिहिलेला असावा. जावाच्या कुठल्या तरी कास्टिंगमध्ये नकळत झालेला नसावा.

तेव्हा बिगडेसिमल, म्हणजे दशांश आकडे नेमके साठवणारा जावाचा क्लास, वापरा. तो स्ट्रिंगवरून बनवा, डबलवरून नाही. डबलवरून बनवला तर तीच घाण आत येते. राउंडिंग मोड प्रत्येक वेळी स्वतः लिहा. तुलना इक्वल्सनं करू नका, कारण त्याच्या मते २.० आणि २.०० वेगळे आहेत, कम्पेअर-टू वापरा. डेटाबेसमध्ये कॉलम डेसिमल ठेवा, फ्लोट नको.

मराठी नावं साठवली की प्रश्नचिन्हं दिसतात.

आपल्याकडे नावं मराठीत, कन्नडमध्ये, पूर्व भागात तेलुगूतही येणार, त्यामुळे हे पहिल्याच आठवड्यात करून टाका. प्रवासातल्या प्रत्येक टप्प्यावर यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) सांगावं लागतं: पानावर, रिक्वेस्ट वाचताना, रिस्पॉन्स देताना, डेटाबेसच्या टेबलावर. टॉमकॅट ९ पर्यंत साध्या सर्व्हलेटमध्ये पोस्टमधला मजकूर न सांगितल्यास जुन्या युरोपी एन्कोडिंगनं वाचला जातो. पॅरामीटर मागण्याआधी एन्कोडिंग सेट करा, नंतर करून उपयोग नाही. स्प्रिंग बूट हे आपोआप करतो. मायएसक्यूएलमध्ये 'यूटीएफ८एमबी४' निवडा. जुना 'यूटीएफ८' तीनच बाइटचा आहे. देवनागरी त्यात बसते, पण कुणी नावापुढे इमोजी टाकला की अडतं.

बिघाड कुठं आहे हे दिसण्यावरून ओळखता येतं. नुसती प्रश्नचिन्हं साठली असतील तर मूळ अक्षरं गेली, पुन्हा भरा. डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या 'ए'सारखी विचित्र युरोपी अक्षरं दिसत असतील तर बाइट बहुधा शाबूत आहेत, फक्त वाचायची पद्धत चुकते आहे.

लांबीचंही बघा. 'सिद्धेश्वर' वाचताना चार अक्षरं. जावाची लेंग्थ मेथड सांगते १०, कारण वेलांटी, मात्रा आणि हलन्त वेगळे मोजले जातात. यूटीएफ-८ मध्ये जागा लागते ३० बाइट. मायएसक्यूएल कॉलमची लांबी हे १० धरून मोजतो, ओरॅकल न सांगितल्यास बाइट मोजतो. तिथं वीस लांबीचा कॉलम केलात तर ग्रामदैवताचंच नाव मावणार नाही.

आधी जेडीबीसी की थेट हायबरनेट?

आधी जेडीबीसी, म्हणजे जावातून डेटाबेसला थेट क्वेरी पाठवायची मूळ सोय, आठवडाभर. ऑब्जेक्ट आणि टेबल यांची सांगड आपोआप घालणारा हायबरनेट नंतर. दोन गोष्टी त्यात हातानं करा. क्वेरीत नाव जोडताना अधिकचं चिन्ह वापरू नका, प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरा. नाहीतर शोधाच्या चौकटीत कुणी अवतरण चिन्ह आणि दोन शब्द टाकून सगळं टेबल वाचून जाईल. आणि पट्टी, तिच्या कपाती, शेतकऱ्याच्या खात्यातली जमा, या तीन नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये टाका, म्हणजे झाल्या तर तिन्ही, नाहीतर एकही नाही. दुसऱ्या नोंदीनंतर मुद्दाम एक्सेप्शन फेका आणि पहिली मागे फिरते का बघा.

कनेक्शन बंद करायचं विसरलात तर लक्षण ठरलेलं आहे: थोडा वेळ सगळं सुरळीत, मग पान फिरतच राहतं. स्प्रिंग बूटमध्ये हिकारी नावाचा पूल, म्हणजे उघड्या कनेक्शनचा साठा, असतो आणि तो एरवी १० कनेक्शन देतो. स्वतः मागून घेतलेली दहाही परत दिली नाहीत की अकरावा ३० सेकंद वाट बघून एरर खातो. ट्राय-विथ-रिसोर्सेस लिहिलं की हा त्रास संपतो.

लॅपटॉप ४ जीबीचा आहे. चालेल?

चालेल, पण जपून. इंटेलिजे, क्रोमचे वीस टॅब आणि डॉकर एकत्र नको. व्हीएस कोड हलका पडतो. सुरुवातीला एचटू हा डेटाबेस घ्या, वेगळा सर्व्हर लागत नाही. मेव्हन या बिल्ड करणाऱ्या साधनानं एकदा उतरवलेल्या फायली एम-टू फोल्डरमध्ये राहतात, त्यामुळे नेट गेलं तरी तोच प्रोजेक्ट ऑफलाइन बिल्ड होतो. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या खोलीत लॅपटॉप तापतो, तेव्हा सकाळी लवकर बसा; माणसालाही तेच बरं.

इंग्रजी कच्चं आहे. एररच वाचता येत नाही.

वाचायला लागतं तेवढं इंग्रजी थोडंसंच आहे. ऐंशी ओळींचा स्टॅक ट्रेस आला तर सगळा वाचू नका. 'कॉज्ड बाय' असं लिहिलेली सगळ्यात शेवटची ओळ शोधा, मग तिच्या खाली तुमच्या स्वतःच्या पॅकेजचं नाव असलेली पहिली ओळ. तिथं फाइल आणि ओळीचा नंबर दिलेला असतो. बाकीच्या ओळी स्प्रिंग आणि टॉमकॅटच्या आहेत, त्यांचा दोष सहसा नसतो. मराठीत विचार करायला, वहीत मराठीत मांडायला काहीच हरकत नाही. इंटरव्ह्यूसाठी बोलायचा सराव लागेल; त्यासाठी स्वतःचा प्रोजेक्ट मोठ्यानं इंग्रजीत समजावून सांगा, व्याख्या नव्हे.

एआय सगळा कोड लिहून देतो, मग शिकायचं कशाला?

लिहून घ्या आणि मग त्याला विचारा: यातला प्रत्येक ऑब्जेक्ट किती वेळ जगतो? दोघं एकदम आले तर? मधेच वीज गेली तर? उत्तर बरोबर आहे की नाही हे तुम्हाला ओळखता आलं तर वापरा. येत नसेल तर तो कोड तुमचा नाही, आणि इंटरव्ह्यूत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं.

क्लास लावायचा तर कुठला?

नावं सांगणार नाही. जाऊन एवढंच बघा की शिकवणारा स्वतः चालू तासात कोड लिहितो की स्लाइड दाखवतो, आणि त्याचा एरर आला तर तो काय करतो. एरर शोधताना मोठ्यानं विचार करणारा मास्तर मिळाला तर फी वसूल. 'शंभर टक्के प्लेसमेंट' असा फ्लेक्स असेल तर मागच्या बॅचमधल्या दोघांशी बोलल्याशिवाय पैसे भरू नका.

प्रोजेक्ट कुठला करू?

लायब्ररी मॅनेजमेंट नको. ती सगळ्यांचीच असते आणि परीक्षकाला तोंडपाठ असते. गावात डोळे उघडून फिरा. चादर-टॉवेलच्या घाऊक दुकानातली उधारी, यंत्रमाग कारखान्यातली कामगारांची हजेरी, युनिफॉर्म शिवणाऱ्याकडच्या शाळावार मापांची वही. दुकानदाराशी अर्धा तास बोललात की असे नियम सापडतात जे कुठल्याही ट्युटोरिअलमध्ये नाहीत: माल परत आला तर, निम्मे पैसे रोख आणि निम्मे पुढच्या महिन्यात आले तर. त्यांचे खरे आकडे आणि फोन नंबर मात्र प्रोजेक्टमध्ये किंवा गिटहबवर टाकू नका, बनावट डेटा भरा. पासवर्ड साठवत असाल तर बीक्रिप्टनं हॅश करूनच.

तयार झालेलं दुसऱ्याला दाखवायचं कसं? लोकलहोस्टची लिंक पाठवली तर उघडत नाही.

लोकलहोस्ट म्हणजे ज्याचं त्याचं स्वतःचं मशीन. मित्रानं ती लिंक उघडली की त्याचा मोबाइल स्वतःलाच शोधतो. दोघं एकाच वायफायवर किंवा हॉटस्पॉटवर असाल तर तुमच्या लॅपटॉपचा आयपी पत्ता, पुढे कोलन आणि ८०८० असं द्या. विंडोज फायरवॉल विचारील तेव्हा जावाला परवानगी द्या. त्याला पट्टी भरायला सांगा, त्याच वेळी तुम्हीही भरा, आणि दोघांच्या रकमा ताडून बघा.